नाबोथाचा द्राक्षमळा



मागचा कार्यक्रम ऐकून झाल्यावर गटात बोलणं चाललं होतं. एकीने विचारलं, "राज्य करणारा अन्यायी निघाला, तर ते आपल्यासारख्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईपर्यंत पोचतं कसं?" आमच्या गटात ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. त्या म्हणाल्या, आमच्या बायबलात याचं उत्तर आहे. मग चार-पाच संध्याकाळी आम्ही सगळ्या मिळून ते वाचलं. आपल्या पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला राहून आयुष्याची शेवटची वर्षं याच ग्रंथाच्या मराठी भाषांतरात घातली होती, हेही तेव्हा बोलण्यात आलं.

तर गोष्ट इस्राएल देशातली, २८०० वर्षांहूनही जुनी. त्या लोकांना आधी राजा नव्हता. शमुवेल नावाचा वृद्ध धर्मपुरुष न्यायनिवाडा करायचा. त्याचे मुलगे लाच खाऊ लागले, तेव्हा लोक म्हणाले, आम्हांला राजा दे. शमुवेलाने त्यांना आधीच बजावलं. राजा तुमच्या मुलांना रथांपुढे पळवील, मुलींना स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला नेईल, चांगली शेतं आणि मळे काढून आपल्या माणसांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. लोकांनी ऐकलं नाही. पोरीबाळींचं काय होणार हे म्हाताऱ्याने त्यात सांगितलं, याचं आम्हांला बरं वाटलं.

पुढे बऱ्याच पिढ्यांनी अहाब गादीवर आला. त्याने शोमरोन या राजधानीत २२ वर्षं राज्य केलं. राजा दुबळा नव्हता. अश्शूरच्या राजाने दगडावर कोरून ठेवलेल्या लेखात इ.स.पू. ८५३ च्या लढाईतले अहाबाचे २००० रथ मोजलेले आहेत. त्याने हस्तिदंताने सजवलेला महाल बांधला होता, असं बायबल सांगतं. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताच्या नक्षीचे तुकडे सापडलेही आहेत. बाहेरून बघणाऱ्याला राज्य भरभराटीचंच दिसलं असेल.

अशात पाऊस गेला. अहाबाने देवाची वाट सोडली म्हणून दुष्काळ पडला, असं बायबल म्हणतं. तिसरं वर्ष लागलं तेव्हा राजा स्वतः पाण्याच्या शोधात निघाला. कशासाठी? घोड्यांना आणि खेचरांना कुठे गवत मिळतंय का बघायला! त्याने आणि त्याच्या कारभाऱ्याने देश निम्मा निम्मा वाटून घेतला आणि गवत शोधलं. माणसं काय खातात हे बघायला कोणी निघाल्याचं लिहिलेलं नाही.

त्याच दुष्काळात सारफथ गावच्या वेशीपाशी एक विधवा काटक्या गोळा करत होती. घरात मडक्यात मूठभर पीठ, बुधलीत थोडं तेल. भाकरी करायची, मुलाने आणि आपण खायची, मग मरणाची वाट बघायची, असं तिने एलीया नावाच्या संदेष्ट्याला सांगितलं. ते गाव अहाबाच्या राज्यातलंही नव्हतं, शेजारच्या सीदोन मुलखातलं होतं. चूक कोणाची आणि पीठ कोणाचं संपलं! एलीयाला तिने आपल्यातली भाकरी दिली आणि पुढे तिचं पीठ सरलं नाही, असं पुस्तक सांगतं. आमच्यातली एक म्हणाली, "पीठ पुरलं ते ठीक, पण काटक्या तिलाच वेचाव्या लागल्या ना?" यावर आम्ही बराच वेळ हसलो.

आता नाबोथ. इज्रेल गावात राजाचा दुसरा वाडा होता आणि वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. अहाबाला तिथे भाजीपाला लावायचा होता. तो म्हणाला, मला दे, बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. वरवर पाहता सौदा वाईट नव्हता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे जमीन देवाची, माणूस नुसता सांभाळणारा, ती कायमची विकायची नाही. ही गोष्ट तिथे इतकी मोठी होती की फार पूर्वी सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुलींनी, भाऊ नाही म्हणून बापाचं नाव आणि जमीन का बुडावी, असं सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं होतं आणि हिस्सा मिळवला होता. सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून हेलपाटे घालणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.

नाही ऐकल्यावर राजा घरी गेला, तोंड फिरवून निजला, जेवेना. राणी ईजबेल म्हणाली, राजा तू आहेस ना, मळा मी मिळवून देते. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाची मोहोर उठवली आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, समोर दोन हलकट माणसं बसवा, त्यांनी म्हणावं की याने देवाला आणि राजाला शाप दिला. दोनच का? कायद्याला दोन साक्षीदार लागायचे. म्हणजे कायदा पाळला, उपासही पाळला, आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. पुढे एका ठिकाणी येतं की त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं. त्याच्या बायकोबद्दल एक शब्द नाही.

या गोष्टीत बहुतेक लोक ईजबेलीला शिव्या देऊन मोकळे होतात. तिचा अपराध मोठाच. पण अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा एलीया तिथे जाऊन उभा राहिला तो अहाबासमोर. खून करून वर मालमत्ताही घेतलीस का, असं त्याने राजाला विचारलं. बायकोने भरीला घातलं, या सबबीवर राजा सुटला नाही.

आम्ही जास्त थांबलो ते गावच्या वडीलधाऱ्यांपाशी. ते नाबोथाला ओळखत होते, त्याच्या पंक्तीला जेवले असतील. पत्र वाचताना एकाचाही हात थरथरला असं लिहिलेलं नाही. पत्रात होतं तसं त्यांनी केलं आणि निरोप पाठवला की नाबोथ मेला. एकानेही उलटून निरोप धाडला नाही की हे आमच्याकडून व्हायचं नाही. राणीला हातात दगड घ्यावाच लागला नाही.

अहाब पुढे लढाईत बाण लागून मेला. काही वर्षांनी येहू नावाच्या सेनापतीने बंड केलं, अहाबाच्या मुलाला मारलं आणि त्याचं प्रेत त्याच नाबोथाच्या शेतात टाकायला लावलं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतलं, लोकांना धरून दूर देशी नेलं, आणि ते राज्य संपलं. पण देश किती पोखरला होता हे आम्हांला त्याआधीच, येहूच्या वेळी दिसलं.

अहाबाचे सत्तर पुत्र शोमरोनात थोरामोठ्यांच्या घरी वाढत होते. येहूने पत्र लिहिलं. कोणाला? शोमरोनात असलेल्या इज्रेलच्या अधिकाऱ्यांना, वडीलधाऱ्यांना आणि त्या मुलांना सांभाळणाऱ्यांना. ते घाबरले आणि उत्तर पाठवलं की आम्ही तुमचे चाकर, तुम्ही सांगाल ते करू. दुसरं पत्र आलं. ज्यांनी त्या मुलांना वाढवलं, त्यांनीच पत्रात होतं तसं केलं आणि टोपल्या भरून इज्रेलला पाठवल्या. टोपल्यांत काय होतं ते रेडिओवर सांगवत नाही. येहूने ते वेशीच्या दाराशी दोन ढीग करून सकाळपर्यंत ठेवायला सांगितलं. गावचे वडीलधारे न्याय करायला बसायचे ते वेशीच्या दाराशीच.