आधी छत, मग झुंबर
(वसंत व्याख्यानमाला, सोलापूर)



घर बांधताना झुंबर आठवतं ते सगळ्यांत शेवटी. रंगकाम उरकलं, पडदे लागले, की दुकानात जायचं आणि डोळ्यांत भरेल ते उचलायचं. माझा आग्रह याच्या उलट आहे. झुंबर ठरवा ते स्लॅब पडण्याआधी.

जयाजीराव शिंद्यांचा ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा १८७४ सालचा. तिथल्या दरबार हॉलात सुमारे साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. ती टांगण्याआधी छताचा कस पाहायला गच्चीवर हत्ती चढवले होते, असं तिथे आजही सांगतात. आपल्या माळवदाच्या वाड्यांतही हंड्या-झुंबरांच्या कड्या भक्कम तुळईलाच असायच्या. वर मातीचा भार, खाली काचेचा, आणि दोन्ही पेलणारं लाकूड एकच.

आज हत्ती नकोत. वीस किलोचं झुंबर असेल तर हुकाला ऐंशी किलो तासभर लटकवून पाहा. चौपट भाराची ही कसोटी दिव्यांच्या मानकांतलीच आहे. जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर मात्र भरवसा ठेवू नका. हुक वरच्या स्लॅबमध्येच हवा, सळईत अडकवलेला.

माप सोपं आहे. हॉल चौदा बाय अठरा फुटांचा असेल तर बेरीज बत्तीस. झुंबराचा व्यास बत्तीस इंचांच्या आसपास घ्यावा. खाली सात फूट मोकळे हवेत. म्हणजे दहा फुटी छताला साखळीसकट तीनच फूट उरतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण कॅटलॉगमधली उंची पुष्कळदा साखळी वगळून दिलेली असते.

पण सोलापूरकरांनो, आपला खरा पेच पंख्याचा आहे. आपल्या उन्हाळ्यात छताचा मध्य पंख्याचाच, त्याला तिथून हलवू नये असं मला मनापासून वाटतं. शेजारी झुंबर लावलं तर लोलक दिवसभर किणकिणतात, आणि दिवे पात्यांच्या वर गेले की भिंतींवर सावल्या फडफडतात. म्हणून झुंबराला जागा द्यावी जिन्यावर, दुमजली उंचीच्या हॉलात, नाहीतर जेवणाच्या टेबलावर, टेबलापासून अडीच-तीन फूट उंच.

मागवताना वजन लेखी घ्या. लोलक काचेचे की अ‍ॅक्रिलिकचे, हे हातात घेऊन पाहा. काच जड आणि गार लागते. पारंपरिक क्रिस्टलमध्ये शिसं असतं, प्रकाशाचे रंग त्याने अधिक फुटतात. फिरोजाबादची साधी काचही सुंदर असते, फक्त ती क्रिस्टलच्या भावाने घेऊ नका. दिवे पिवळसर, २७०० ते ३००० केल्व्हिनचे घ्या. जिन्यावरच्या झुंबराला खाली उतरवायची मोटर हवीच, नाहीतर आपल्याकडची धूळ पुसणार कोण आणि कशी? आणि दहा-बारा लोलक जादा मागवा. ते फुटतात दिवाळीच्या साफसफाईत, आणि तोवर कारखान्यात तो साचा बंद झालेला असतो.