यादी उघडी ठेवा!



मस्टर म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. साच्यावर आठ तास उभं राहा, घाम गाळा. मस्टरवर नाव नसेल तर पगाराच्या खिडकीवर तुम्हांला कोण विचारतो? मतदारयादी हे लोकशाहीचं मस्टर आहे. खिशात ओळखपत्र असलं, तरी यादीत नाव नसेल तर मत नाही. १९५१ चा कायदाच तसा आहे.

मग हे मस्टर साहेबाच्या कपाटात राहून कसं चालेल?

बिहारात काय झालं ते ऐका. २०२५ साली तिथं मतदारयादीची फेरतपासणी झाली. आधी ७ कोटी ८९ लाख नावं होती. १ ऑगस्टला कच्ची यादी लागली, तेव्हा त्यांतली सुमारे ६५ लाख गायब! कुणी मेले, कुणी दुसरीकडे गेले, कुणाचं नाव दोनदा होतं, असं सांगण्यात आलं. पण कोण मेला? कोण गेला? वगळलेल्यांची वेगळी यादी कारणांसह छापायला कायद्यानं आम्ही बांधलेलो नाही, असं निवडणूक आयोगाचं म्हणणं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १४ ऑगस्टला कोर्टानं बजावलं : ही ६५ लाख नावं कारणांसकट जाहीर करा, पंचायत कचेरीतही लावा. तेव्हा कुठं ती लोकांच्या नजरेस पडली. आपण कागदावर मेलो आहोत, हे जिवंत माणसाला यादी वाचल्याशिवाय कळणार कसं?

यात आपलं काय, असं म्हणू नका. आपण पोटासाठी गाव सोडणारी माणसं. आज या चाळीत, उद्या त्या वस्तीत. 'पत्त्यावर सापडला नाही' हा शेरा आपल्याच नावापुढं पडायची भीती जास्त. पण १९५० चा कायदा सांगतो, चार दिवस गावी गेलं म्हणून राहतं ठिकाण सुटत नाही. आणि जागा सोडली म्हणून नाव काढायचं, तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

कुणी म्हणेल, यादी उघडी केली तर लबाड लोक तिचा गैरवापर करतील. तीही भीती खोटी नाही. फोन नंबर झाका, जन्मतारीख झाका. पण नाव झाकू नका, आणि नाव कापल्याचं कारण तर मुळीच झाकू नका!

तेव्हा कच्ची यादी लागली, की पाळी सुटल्यावर पाच-पाच जण मिळून जा. आपलं नाव पाहा, शेजारणीचं पाहा, गावी गेलेल्या सोबत्याचं पाहा. नाव नसेल तर ६ नंबरचा फॉर्म भरा, चुकलं असेल तर ८ नंबरचा. पोच हातात पडल्याशिवाय हलू नका.

मत आपलं, यादीही आपली!