नाताळची तयारी पोळ्यापासून



पोळा आणि तान्हा पोळा होऊन अद्याप आठवडाही लोटला नाही. काळी आणि पिवळी मारबत नुकतीच नागपूरच्या रस्त्यांवरून गेली. रोगराई, महागाई, लाचलुचपत, ज्याला जे नको ते लोकांनी ओरडून ओरडून तिच्या पदरी बांधले. बाहेर पाऊस अजून उघडलेला नाही. अशा दिवसांत मी नाताळविषयी बोलावयास बसलो आहे, याचे पुष्कळांस हसू येईल. परंतु ज्या घरात मोजका पगार येतो, त्या घरचा नाताळ डिसेंबरात सुरू झाला तर तो जानेवारीत संपत नाही. तो दुकानदाराच्या वहीत उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतो. हे मी ऐकीव सांगत नाही, भोगलेले सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. त्या दिवाळीत शेजारच्या चौदा घरांतून आमच्याकडे फराळाचे डबे आले. रिकामा डबा परत करावयाचा नाही, ही आपल्याकडची रीत श्रोत्यांस ठाऊक आहेच. आमचे डबे भरून जातात ते नाताळात. मी त्या वर्षी हिशेब केला तो असा की, हिशेबच केला नाही. केक बेकरीतून मागवला, मुलीचे आणि सर्वांचे कपडे उधारीवर आणले, तूप, साखर, मैदा, सुका मेवा एकाच दिवशी वाण्याकडून उचलला. २५ तारीख थाटात झाली. ९ जानेवारीला सकाळच्या तिसऱ्या तासाला वाण्याचा पोऱ्या चिठ्ठी घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला. फळ्यावर तेव्हा मी व्याजाचे उदाहरण सोडवीत होतो. पोरे हसली नाहीत; हसली असती तर मला बरे वाटले असते. त्या संध्याकाळी पत्नीने आपल्या दोन बांगड्या पेढीवर ठेवल्या. त्या सुटून आल्या तेव्हा आषाढ लागला होता, आणि त्या सहा महिन्यांत मनगटाकडे पाहून तिने एक शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्द मला फार दिवस ऐकू येत असे.

माझी आई काटोलकडची. तिला ही हकीकत कळली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, नाताळ काय चोरासारखा येतो? दिवाळी कधी ते पंचांगात पाहावे लागते. पंचवीस तारीख तर दरसाल पंचवीसच असते ना?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते. तिने मग डालड्याचा एक रिकामा डबा घेतला, त्याच्या झाकणात पैसे पडतील एवढी चीर पाडवून घेतली आणि तो पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी फळीवर ठेवला. पोळ्यापासून नाताळापर्यंत साधारण पंधरा-सोळा रविवार पडतात. दर रविवारी उपासनेहून आल्यावर, अंगावरचे कपडे बदलण्यापूर्वी, त्यात ठरलेली रक्कम टाकावयाची. रक्कम थोडी असावी, पण चुकू नये. इंग्लंडात गेल्याच्या मागच्या शतकात गरीब लोक हेच करीत. आठवड्याला काही पेन्स गूज क्लब म्हणून मंडळीत जमा करावयाचे आणि नाताळात त्यातून हंस घरी न्यावयाचा. आपली भिशी आणि त्यांचा हा हंस यांत मला तरी फारसा भेद दिसत नाही.

नाताळ हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे आणि त्याचे मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. तो कोकण किनाऱ्यावरून आपल्या भाषेत आला. नागपुरात मात्र हा सण मोठ्या प्रमाणात आला तो मिशनबरोबर. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले. त्यांचे नाव आजही आपल्या हिस्लॉप कॉलेजाला आहे. साहेबांच्या बंगल्यात पुडिंग असेल, पण नव्या ख्रिस्ती घरांतल्या बायांच्या हाताला ठाऊक होती करंजी, शंकरपाळे, चकली आणि बेसनाचे लाडू. तेच त्यांनी नाताळात केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आमच्या उपासनेला भजन आणि अभंग दिले. त्याच्या कितीतरी आधी, मला वाटते, आमच्या आज्यांनी नाताळला करंजी दिली होती. केकावाचून नाताळ नाही, ही समजूत अलीकडची आहे. पण आता मुलांना केक हवा, तर तो घरी करावा.

आणि येथे नागपूरकरांसारखा भाग्यवान कोणी नाही. विलायती केकात संत्र्याची पाकवलेली साल लागते. ती बाजारात पुडीतून महाग मिळते, आणि आपण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आंबिया बहराची संत्री खाऊन नेमकी तीच उकिरड्यावर टाकतो! आमच्या घरी दसरा-दिवाळीपासून साली टाकण्यास मनाई आहे. दहा-बारा संत्र्यांच्या साली प्रथम चांगल्या चोळून धुवाव्या, कारण बागेत फवारणी झालेली असते. त्यांच्या बारीक पट्ट्या कापून पाण्यात उकळाव्या, पाणी फेकून द्यावे, पुन्हा नवे पाणी. असे तीनदा केल्यावर कडूपणा जातो. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, म्हणून दर खेपेस आठ-दहा मिनिटे पुरतात. फार शिजवली तर लगदा होतो. मग सालीच्या भारोभार साखर आणि थोडे पाणी घालून अगदी मंद आचेवर ठेवावी. साली काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या आणि पाक आटत आला की उतरवून ताटात पसरावे. दोन दिवस हवेवर वाळल्या की काचेच्या बरणीत भराव्या. नाताळपर्यंत त्यांना काही होत नाही, घरात चोर नसले म्हणजे. आमच्या घरचा चोर सात वर्षांचा आहे आणि बरणीशी स्टूल नेतो. कच्च्या पपईचे बारीक तुकडे याच रीतीने पाकवून बिटाच्या रसाने रंगवले तर केकासाठी तुटीफ्रुटीही विकत आणावी लागत नाही.

मनुका, बेदाणे, खजूर हे डब्यातल्या पैशांतून थोडे थोडे, दर आठवड्याला पावशेराहून कमीच, आणावे. ते भिजवण्यासाठी कोणी रम वापरतात. आमच्याकडे ती कधी आली नाही, संत्र्याचा रस असतो. मात्र येथे एक सावधगिरी सांगतो. एका वर्षी मी मेवा कच्च्या रसात बुडवून बरणी कपाटात ठेवली. आठव्या दिवशी मध्यरात्री झाकण उडाले आणि घरभर आंबूस वास सुटला. सकाळी शेजारचे गृहस्थ विचारते झाले, "मास्तर, घरातच गाळता काय?" तेव्हापासून आम्ही मेवा रसात घालून दहा मिनिटे उकळतो, निववतो आणि शीतकपाटात ठेवतो; तोही नाताळच्या आधी चार-पाच दिवसच.

केकाचा तपकिरी रंग जळक्या साखरेचा असतो, हे गृहिणींस सांगावयास नको. साखर काळपट तांबडी झाली की गरम पाणी घालावे आणि तोंड दूर ठेवावे. भट्टी नसली तरी अडत नाही. प्रेशर कुकरच्या तळाशी मीठ पसरावे, शिटी आणि रबरी कडे काढून ठेवावे, कुकर तापला की आत उंच कडीवर भांडे ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास द्यावा. माझी आई पातेल्यावर परात ठेवून तीत निखारे घालीत असे. तिच्या केकाची वरची बाजू नेहमी करपे आणि ती बाजू नेहमी तिच्या वाट्याला येई. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात साखरेवर १९४० पासून नियंत्रण आले, ते १९५३ पर्यंत होते. त्या काळी तिकडच्या बायकांनी गोडव्यासाठी गाजरे किसून घातली. आपल्याकडे हिवाळ्यात गाजर स्वस्त आणि गोड असते. एकदा करून पाहावे.

फराळाचा क्रम टिकण्यावरून लावावा. शंकरपाळे आणि चकल्या आधी, लाडू नंतर, ओल्या नारळाचे जे असेल ते अगदी शेवटी. सर्व एका दिवसात करू गेल्यास घरातली बाई सणाच्या दिवशी आजारी पडते, आणि मग तो सण कोणाचा, असा प्रश्न येतो.

ताऱ्याचा कंदील विकत आणणे मला मास्तर म्हणून लाजिरवाणे वाटते. बुरुडाकडून बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या आणाव्या. पाच कामट्यांचा एक पंचकोनी तारा, असे दोन बांधावे; दोन्हींची टोके एकमेकांस बांधून, मधल्या पाच छेदनबिंदूंत बोटभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवाव्या. तारा आपोआप फुगतो. कामट्या नीट बसल्या असतील तर टोकाचा कोन ३६ अंशांचा येतो. मुलांच्या हाती कोनमापक द्यावा. कागदासाठीही फिरावे लागत नाही, कारण संक्रांतीच्या पतंगांमुळे आपल्या शहरात डिसेंबरात पतंगी कागद हवा त्या रंगाचा मिळतो. सांगाडा जपून ठेवला तर तीन-चार वर्षे चालतो. दरसाल फक्त कागद बदलावा. शेजाऱ्यांच्या दिवाळीतल्या आकाशकंदिलाचे सांगाडेही मागून घ्यावे. ते हसून देतात.

आता गोठा. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्चो येथे जिवंत बैल आणि गाढव उभे करून येशूजन्माचा देखावा मांडला. आपल्याकडे बैल तर तान्ह्या पोळ्याचा घरात असतोच! लाकडी बैल, चाकांचा, मुलांनी झूल घालून दारोदार फिरवलेला. गावात सर्वत्र तो माळ्यावर जातो. आमच्याकडे तो पुसून, फडक्यात गुंडाळून नाताळच्या पेटीत जातो. म्हणूनच मी आज बोलतो आहे, या आठवड्यात तो फेकला अथवा मोडला जाऊ नये म्हणून. गोठ्यासाठी तणस, पुठ्ठा आणि माती. आपली काळी माती वाळली की भेगाळते, तेव्हा तीत भिजवलेल्या कागदाचा लगदा मळावा. गोठ्यापुढचे गवत म्हणून १५ डिसेंबरला एका पसरट ताटलीत माती घालून गहू पेरावे. घटस्थापनेचे धान्य उगवते तसे दहा दिवसांत ते वीतभर हिरवे होतात. कापसाचे बर्फ करण्याची हौस कोणास असल्यास विदर्भात कापसाला तोटा नाही. पण बेथलेहेमात आणि नागपुरात बर्फ का पडावा, हे मला अजून उमगलेले नाही.

कपड्यांविषयी एवढेच, की ते दिवाळीच्या विक्रीनंतर उरल्यासुरल्या तागांतून घ्यावे. शिंपी तेव्हा मोकळा असतो.

एक खर्च मात्र पुष्कळजण विसरतात. नाताळच्या आधीच्या रात्रींत मंडळीतली तरुण मुले हार्मोनियम, ढोलक घेऊन गात दारोदार येतात. रात्रीचा एक वाजलेला, नागपूरची थंडी, आणि दारात तीस माणसे. त्यांना चहा आणि चिवडा लागतो. १९८८ साली मी दिवा मालवून आत बसलो होतो, कारण दूध नव्हते आणि आणावयास पैसे नव्हते. त्यांनी दाराबाहेर दोन गाणी म्हटली, थोडे थांबले आणि पुढे गेले. पत्नी आणि मी अंधारात ऐकत होतो. पुढल्या वर्षीपासून डब्यातले पहिले पैसे या चहासाठी वेगळे निघतात, केक त्यानंतर.

मागच्या वर्षी नातवाने बैलाची चाके काढू दिली नाहीत. गोठ्यात बाळाजवळ चाकांचा बैल उभा होता, आणि पाहुण्यांनी विचारले तर तो सांगे की बैल काटोलहून आला आहे, चालत थोडाच येणार? ६ जानेवारीला आम्ही गोठा आवरला. गव्हाचे हिरवे गवत दूधवाल्याच्या गाईला दिले, बैल फडक्यात गुंडाळला, आणि रिकामा डबा धुऊन उन्हात पालथा घातला.