तळ्याकाठचं जेवण

कुरकुंभच्या फिरंगाईच्या टेकडीवर उभं राहिलं, की आमचा कोरडा मुलूख नजरेत येतो. ज्वारी-बाजरीचा हा प्रदेश. इथून लोक मासे खायला जवळच जातील असं कुणी पूर्वी म्हटलं असतं, तर आमची म्हातारी माणसं हसली असती. आज सोलापूर रस्त्याने भिगवणला जा. खानावळींच्या पाट्यांवर मासाच दिसेल. ही किमया उजनीची.

भीमेवरच्या उजनी धरणाचं काम १९६९ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. पाणी मागं मागं पसरत आलं. नदीकाठची काळी जमीन गेली, गावं उठली. पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन देऊळही बुडालं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, म्हणजे ते पुन्हा डोकं वर काढतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक कुंभारगावला गेलो. पहाटे होडीत बसलो. उथळ पाण्यात रोहित पक्षी माना वाकवून चरत होते. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं आणि सहज सांगितलं, की इथं खाली त्याच्या आजोबांचा मळा आहे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुपारी त्याच्याच घरी पंगत बसली. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण, लसूण, लाल तिखट घातलेलं चिलापीचं कालवण, तव्यावर तळलेले तुकडे आणि ज्वारीची गरम भाकरी. चव अशी, की हात आखडेना. पण चिलापी मूळची आफ्रिकेची बरं का! भारतात ती १९५२ साली आणली गेली. या घरची जुनी चव म्हणजे भीमेची मरळ आणि वाम.

हॉलंडातही असंच घडलं. तिथं १९३२ साली बत्तीस किलोमीटरांचा बांध घालून समुद्राचा एक फाटा तोडला. खारं पाणी हळूहळू गोडं झालं, आयसलमेर नावाचं तळं बनलं. समुद्रातली हेरिंग मासळी तिथून गेली आणि कोळ्यांची भिस्त वामीसारख्या ईल माशावर आली. तो धुरावर शेकून पावाबरोबर खातात. पाहुणे त्याला तिथलं पारंपरिक खाणं म्हणून चाखतात. एका पिढीला जे गमवावं लागतं, त्याच्या जागी आलेलं पुढची पिढी आपलं म्हणते.

गुरुजी आणि बाई, सहल न्याल तेव्हा मुलांना पक्षी दाखवा, कालवण-भाकरीही खाऊ घाला. पण जेवायला बसण्यापूर्वी काठावरच्या एखाद्या आजीबाईंना विचारायला लावा, की तुमचं पहिलं घर कुठं होतं? आजीबाई पाण्याकडे बोट दाखवतील. आपल्या उसाला मिळणारं पाणी आणि ताटातला मासा कुणाच्या जमिनीवर उभा आहे, हे मुलांना तिथंच कळेल.