परक्या घरातले पहिले दहा दिवस

(वसतिगृहाच्या वर्षारंभाच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



दरवर्षी जूनमध्ये मी तुमच्यापुढे खर्चाचा हिशेब मांडते. तो छापून तुमच्या हातात दिला आहे. आज मी एक आठवण सांगणार आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूक.

१९९५ साली मी सोळा वर्षांची होते. रोटरीच्या विद्यार्थी अदलाबदल योजनेतून एका शालेय वर्षासाठी मला जर्मनीत मारबुर्ग या गावी पाठवलं. या योजनेत मूल तिथल्या कुटुंबात घरच्यासारखं राहतं आणि तिथल्याच शाळेत जातं. निघताना मंडळीने प्रार्थना केली, आईने लोणच्याची बरणी दिली. वर्गात माझा पहिला-दुसरा नंबर असायचा, इंग्रजीही बरं होतं. त्यामुळे मला कसलीच काळजी वाटत नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी टेबलावर काळसर पाव, चीज आणि मांसाचे थंड काप आले. मला वाटलं, गरम जेवण मागून येईल. म्हणून एक तुकडा खाऊन मी वाट बघत बसले. थोड्या वेळाने सगळे उठले आणि टेबल आवरलं गेलं. तिकडे पुष्कळ घरांत गरम जेवण दुपारी होतं आणि रात्री पावावर भागवतात, हे मला कोण सांगणार? मी अर्धपोटी झोपले. तहान लागली तर बाटलीतलं पाणी सोड्याचं!

शाळेत त्याहून कठीण गेलं. मुलं वाईट नव्हती, पण सगळं जर्मनमध्ये. शिक्षकांनी काही विचारलं की मी आपलं हसून ‘या’ म्हणायचे, म्हणजे ‘हो’. एकदा त्या ‘हो’वर सगळा वर्ग हसला. कशाला हसले ते मला आजही माहीत नाही. घरी जिला ‘जरा गप्प बस’ म्हणावं लागे, ती मुलगी मुकी झाली. घरची आठवण यायचीच, पण त्याहून जास्त टोचायचं ते हे की, हे लोक मला मंद समजत असतील.

रविवारी त्या घरच्या काकूंनी मला एलिझाबेथ चर्चमध्ये नेलं. हंगेरीची ही राजकन्या १२०७ साली जन्मली. चार वर्षांची असताना तिला थुरिंगियाच्या दरबारात वाढायला पाठवलं. पुढे विधवा झाल्यावर तिने मारबुर्गमध्ये रुग्णालय उभारलं, स्वतःच्या हातांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि चोविसाव्या वर्षी ती वारली. काकूंच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून माझ्या मनात एवढंच राहिलं की तीही लहानपणी परक्या भाषेच्या घरी आली होती.

दहाव्या दिवशी काकूंचा धाकटा मुलगा पहिलीत जायचा होता. तिथे पहिल्या दिवशी मुलांना खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात. काकूंनी दोन शंकू केले होते. दुसरा माझा होता! आदल्या रात्री त्यांनी मला काही मराठी शब्द विचारून स्वयंपाकघरात चिकटवले होते. त्या संध्याकाळी चिठ्ठीकडे बघत त्यांनी मला विचारलं, “भूक?” मी रडले, आणि मग पोटभर जेवले.

आता माझी चूक. गेल्या वर्षी सातपुड्यातल्या एका पाड्यावरून नऊ वर्षांची मुलगी आपल्याकडे आली. घरची भाषा पावरी. वसतिगृहात फक्त मराठी बोलायचं, हा नियम मीच केला होता. शाळेत मुलं मागे पडू नयेत, हा हेतू. ती आठ दिवस बोलली नाही. मी नोंदवहीत लिहिलं : ‘मंद आहे, मिसळत नाही.’ नवव्या दिवशी वडील तिला घेऊन गेले. मी त्यांनाच चार शब्द सुनावले.

त्या रात्री नोंदवहीतला तो शब्द मला झोपू देईना. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्यावर प्रीती करा असं सांगताना देव इस्राएल लोकांना त्यांच्या मिसरातल्या दिवसांची आठवण देतो. मी ईश्वरविज्ञान शिकले, हा अध्याय इतरांना शिकवला, आणि माझं मारबुर्ग विसरले.

तो नियम आता काढला आहे. नव्या मुलाला त्याच्याच भाषेची एक मोठी ताई किंवा दादा सोबत देतो. पावरी शब्द मुलंच सांगतात, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिले आहेत आणि स्वयंपाकाच्या मावशी ते वापरतात. मराठी शिकवणं थांबलेलं नाही. पण पहिले दहा दिवस मुलांच्या भाषेचे.

ती मुलगी मात्र परत आलेली नाही. मी दोनदा पाड्यावर जाऊन वडिलांची माफी मागितली. ते चहा देतात, मुलीचा विषय काढत नाहीत. पावसाळा संपला की पुन्हा जाणार आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.

आणि तुम्ही इथे भेटायला याल तेव्हा खाऊ जरूर आणा. पण नव्या मुलाला उभं करून नाव विचारू नका, गाणं म्हणायला लावू नका. त्या भिंतीपाशी जा, दोन शब्द शिका आणि मग त्याच्याशेजारी जेवायला बसा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.