आधी फिजिक्स, मग कागद

डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं मला विचारतात, अकरावीला कोणतं कॉलेज घेऊ? मी उलट विचारतो, घरापासून किती लांब आहे, आणि तिथं फिजिक्स कोण शिकवतं? 'नीट'च्या ७२० गुणांत बायोलॉजीचे ३६० आपण रट्टा मारून बरेचसे काढतो. गाडी अडते ती फिजिक्सच्या १८० पाशी. म्हणून झेपत असेल तर बायोलॉजीबरोबर गणितही ठेवा. मी सोडलं होतं. व्हेक्टर आले की घाम फुटायचा!

पण माझं वर्ष फिजिक्सनं नाही, कागदानं घेतलं. आम्ही बागवान. अब्बा मंडईत फळं विकायचे. ओबीसीचा दाखला होता, जात पडताळणी असते हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. निकालानंतर धावाधाव केली. प्रमाणपत्र आलं तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मला खुल्या गटात धरलं आणि सरकारी एमबीबीएस हुकलं. अब्बा म्हणाले, "गाळा विकतो, खासगीत घे." मी नको म्हटलं. त्या वर्षभर ते माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी सरकारी कॉलेज मिळालं.

तुमच्यात बागवान, अत्तार, तांबोळी असतील. पडताळणीचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करा. जुने पुरावे शोधण्यातच महिने जातात. माझ्या आजोबांच्या शाळेचा दाखला सापडला तो उर्दूत. त्याचं मराठी भाषांतर करून घेण्यात आणखी पंधरा दिवस गेले.