रात्रगस्तीतलं शिक्षण



पोलीस भरतीच्या मैदानावर पळणाऱ्या पोरांचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहता. सोळाशे मीटर धावणं, गोळाफेक, लेखी परीक्षा, मग नानवीज, खंडाळा किंवा मरोळच्या प्रशिक्षण केंद्रातली कवायत आणि कायद्याचे तास. तिथून बाहेर पडलेला शिपाई ठाण्यात हजर होतो आणि थोड्याच दिवसांत त्याला रात्रपाळी लागते. मोटरसायकलवर पुढे जुना माणूस, मागे नवा. त्या मागच्या सीटवर त्याचं जे शिक्षण होतं, त्याविषयी आज मी बोलणार आहे. पुण्यात रात्रगस्त घालताना अशी मुलं-मुली माझ्यासोबत असायची, म्हणून मला हे अधिकाराने सांगता येतं.

दिवसा शिपाई एकटा नसतो. दुकानं उघडी असतात, चार माणसं बघत असतात, साहेब ठाण्यात बसलेले असतात. रात्री एक वाजून गेला की यातलं काही उरत नाही. नोकरीत सगळ्यात नवा असलेला माणूस समोरच्याला थांबवू शकतो, पिशवी उघडायला लावू शकतो, गाडीत बसवू शकतो, आणि हे बघायला रस्त्यावर कुणी नसतं. पोलिसाचा स्वभाव इथे ठरतो, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या काही महिन्यांत अंगात जे मुरतं, ते निवृत्तीपर्यंत जात नाही.

1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 122 वं कलम प्रत्येक नव्या शिपायाला तोंडपाठ असतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची हत्यारं बाळगणारा, गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकून फिरणारा, दुसऱ्याच्या इमारतीत सापडलेला आणि तिथे असण्याचं पटेल असं कारण न सांगणारा, यांच्यावर या कलमाने कारवाई होते. रस्त्यात नुसतं रेंगाळणाऱ्यालाही हे कलम लागतं, पण तो चोर म्हणून कुप्रसिद्ध असला पाहिजे आणि त्याला धड खुलासा करता आला नाही पाहिजे. पोरांना कलमाचा आकडा आठवतो, ही अट विसरते. मग रात्री बाहेर दिसलेला प्रत्येक गरीब माणूस त्यांना संशयित वाटू लागतो.

एकदा मार्केटयार्डाजवळ पहाटे साडेतीनच्या सुमाराला एक माणूस पोत्याची पिशवी खांद्याला लावून चालला होता. सोबतच्या पोराने पिशवी तपासली, तर आत वाकवलेला, टोकदार लोखंडी आकडा. पोराचे डोळे चमकले. ‘साहेब, हत्यार!’ त्याला मी बाजूला घेतलं आणि म्हटलं, आधी त्यांचे हात बघ, मग मला सांग. तळहातांवर घट्टे होते, मानेमागे पाठीवर पोती वाहून वाहून कातडी जाड झालेली. पोत्यात अडकवून ओढायचा हमालाचा आकडा होता तो. ओळखपत्र घरी राहिलं होतं. मी पोराला म्हटलं, आता यांच्या टोळीचा मुकादम कोण, ते विचार आणि जाऊन खात्री कर. 1969 च्या माथाडी कायद्यापासून हमालांची नोंद मंडळाकडे असते, टोळी असते, तिचा मुकादम असतो. बाजारात ट्रक लागलेलेच होते. पाच मिनिटांत मुकादम भेटला, माणूस कामाला गेला. पोराने ‘काका, या’ म्हणून पिशवी स्वतः त्यांच्या हातात दिली, तेव्हा मला बरं वाटलं. त्याला पाच मिनिटं खर्च करायची सवय लागली नसती, तर त्या माणसाची दिवसाची मजुरी ठाण्याच्या बाकावर गेली असती.

रात्रीचं शहर अशाच लोकांचं असतं. हमाल, सफाई कामगार, पाळी संपवून निघालेल्या परिचारिका, कंपनीच्या कॅबचे ड्रायव्हर, दूधवाले. गुन्हेगारही असतात, आमच्याकडे यादी असते, तडीपार केलेला परत आलाय का, हे घरी जाऊन बघावं लागतं. म्हणून मी मुलांना सांगत असे: टॉर्च आधी हातांवर मारा, डोळ्यांत मारू नका. ‘ए’ म्हणून हाक मारू नका. ‘कुठून आलात’ हे ‘कुठे चाललात’च्या आधी विचारा, कुठे चाललोय हे कुणीही रचून सांगतो, आलेल्या वाटेचा तपशील रचायला वेळ लागतो. समोर बाई असेल तर सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, तेही महिला अधिकाऱ्याने आधी दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन.

आता एक गोष्ट, जी आमच्या खात्यात कमी बोलली जाते. झोप. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान खाली येतं, नजर जड होते, चीड लवकर येते. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की सलग 17 तास जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंद चालतात. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे दिवसभर बंदोबस्त करून रात्री नाकाबंदीवर आलेला शिपाई ज्या ड्रायव्हरच्या तोंडाशी यंत्र धरतो, त्याच्याइतकाच तो स्वतः धोकादायक असू शकतो. 2016 साली मुंबईत एका शिपायाच्या आराखड्यावरून देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली, ती मला फार मोठी सुधारणा वाटते. थकलेल्या माणसाकडून सभ्यपणाची अपेक्षा करता येते, खात्री देता येत नाही.

तुकाराम ओंबळे यांची गोष्ट प्रत्येक नव्या तुकडीला सांगितली जाते, आणि सांगितलीच पाहिजे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत हाती लागला. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मी मुलांचं लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधत असे. ते सहायक उपनिरीक्षक होते, आधी लष्करात होते, आणि त्या रात्री नेमून दिलेल्या जागी उभे होते. नाकाबंदीत काय करायचं, कुठे उभं राहायचं, हे कुणीतरी, कधीतरी, रस्त्यावरच शिकवलेलं असतं.

ते शिकवणाऱ्यांची दखल घ्यावी, ही माझी मागणी. अमेरिकेत सॅन होजे शहरात 1970 साली एका नवशिक्या पोलिसाच्या गाडीचा अपघात होऊन एका व्यक्तीचा जीव गेला. त्यानंतर तिथे 1972 मध्ये पद्धत बसवली गेली: नवा पोलीस ठरावीक आठवडे वेगवेगळ्या अनुभवी पोलिसांसोबत, वेगवेगळ्या पाळ्यांत फिरणार, आणि शिकवणारा रोज त्याच्याविषयी लेखी अहवाल देणार. बोलला कसा, गाडी चालवली कशी, रागावला का. पुढे अनेक शहरांनी ती उचलली. आपल्याकडे गस्तीच्या नोंदी होतात, कितीला कुठल्या एटीएमपाशी पोचलो ते कळतं. नवा पोरगा रात्री साडेतीनला समोरच्याशी कसा बोलला, हेही लिहिलं गेलं पाहिजे, आणि शिकवायला खात्याने माणूस निवडून नेमला पाहिजे. पाळीत जो मोकळा असेल त्याच्या मागे पोराला बसवून देणं पुरेसं नाही. चांगला पोलीस आणि चांगला शिकवणारा एकच असतो असं नाही.

तुमच्याकडेही एक काम आहे. रात्री गस्तीवाल्यांनी थांबवलं तर थांबा, उत्तरं द्या, आणि शांतपणे त्यांचं नाव आणि ठाणं विचारा. छातीवर पट्टी असतेच, तरी विचारा. माझ्यासोबतच्या मुलांना मी हे उत्तर पहिल्याच रात्री पाठ करायला लावत असे: नाव, पद, पोलीस ठाणं, आणि शेवटी ‘जपून जा’.